रावेरच्या नावाची मूठ

जळगावच्या कॉलेजात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. कॉलेज नुकतंच निघालेलं, वर्गात सगळ्या खानदेशातली मुलं आणि एकेका नावाची तिघं-चौघं. त्यामुळे हजेरीतलं नाव हजेरीपुरतंच राहिलं. आमच्या खोलीत तिघं होतो. एक रावेर, एक बोदवड आणि मी सोनगीर. खरं म्हणजे माझं गाव सोनगीरपासून कोसभर आत आहे. पण त्याचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "ते कुठं आलं?" म्हणून आग्रा रोडवरच्या किल्ल्याच्या गावाचं नाव मी उसनं घेतलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पहिले काही महिने मला वर्गात बसताना सारखं वाटे की कोणी तरी येऊन विचारील, तू इथं कसा? कोणी आलं नाही. पण मी बाकाच्या कडेला बसत असे, म्हणजे उठायला बरं.

खोली एका सरकीच्या व्यापाऱ्याच्या माडीवर होती. खाली अक्का राहायच्या. त्या व्यापाऱ्याच्या लांबच्या नात्यातल्या, एकट्याच होत्या आणि आम्हाला भाकरी थापून देत. पीठ आमचं, हात त्यांचे. रावेरच्या डब्यात कळण्याचं पीठ असे, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं. बोदवडचं नुसत्या ज्वारीचं आणि माझं बाजरीचं. अक्का परातीपाशी बसल्या की जिन्याकडे तोंड करून ओरडायच्या, "आज कोणाच्या तालुक्यात जेवायचंय रे?"

आम्ही एक नियम केला होता. ज्याचं धान्य संपेल त्याच्या गावाला रविवारी तिघांनी मिळून जायचं. पोतं एकट्याला उचलत नाही हे कारण सांगायला. खरं कारण असं की तिथं पोटभर जेवायला मिळायचं. पण या नियमामुळेच मी जळगावच्या भोवतालचे तालुके पाहिले. नाही तर मला खानदेश म्हणजे आमचा नाला, आमचा किल्ला आणि धुळ्याचा बाजार एवढाच माहीत होता.

पहिल्यांदा गेलो ते रावेरला, थंडीत. भुसावळला गाडी बदलली आणि पुढं खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीच केळी. एवढी हिरवी सावली शेतात असते हे मला पटेना. आमच्याकडे शेत म्हटलं की उन्हात डोळे बारीक करून पाहायची वस्तू. रावेर स्टेशनावर वाळक्या पानांत गुंडाळलेले घड मालगाडीच्या वाघिणींत भरत होते. बाजारात सातपुड्याच्या पायथ्याकडून मोळ्या घेऊन आलेले तडवी भिल्ल बसले होते, त्यांच्याशी रावेर हसून बोलला, तेही त्याच्या बापाची चौकशी करत होते. मी मागं उभा राहून ऐकत होतो.

त्यांच्या घरात मधल्या खणात पिकलेला घड टांगलेला होता. पिवळाधमक, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. येणारे-जाणारे सगळे त्यातलं एकेक तोडून खात होते. मला भूक लागली होती, पण कोणी 'घे' म्हटलं नाही. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचो आणि परत येऊन बसायचो. शेवटी रावेरच्या आईनं पाहिलं.

"काय रे भाऊ, घडाकडे काय पाहू राह्यला? देवाची तसबीर हाये का ती?"

"नाही... म्हटलं, विचारून..."

"इचारून पाहुणे खातात. तू काय पाहुणा हायेस?"

मी तरी हात घातला नाही. आमच्या घरी न विचारता घेतलं तर घरातले कर्ते आबा नुसते पाहतात, आणि त्यांचं ते पाहणं पुरतं. परत येताना गाडीत रावेर मला म्हणाला, "आमच्याकडे मागून घेतलं ना, तर आईला वाईट वाटतं. परकं समजतो असं तिला वाटतं. हात घालायचा." तिसऱ्या खेपेला मी एक केळं तोडलं, तेव्हा त्या घरातल्या सगळ्यांनी मला पाहिलं आणि कोणीही काही बोललं नाही. ते मला फार आवडलं.

बोदवडला गेलो ती भरताची खेप. स्टेशनापासून जवळच त्यांची कपाशी होती, वेचणी होऊन गेलेली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून बोदवडच्या नानांनी त्यात मोठमोठी हिरवट वांगी टाकली. बायका पुऱ्या करत होत्या आणि वांग्यांना मात्र हात लावायला त्यांना बंदी. "भरीत हे बाप्यांचं काम," असं नाना म्हणाले आणि माझ्या हातात मुसळ दिलं. लाकडी भांड्यात वांगी, भाजलेल्या मिरच्या, लसूण घालून मी ठेचत होतो. धुरानं आणि मिरच्यांनी डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सोनगीर, रडू राह्यला का?" नाना म्हणाले. "घरची सय आली?"

"नाही, मिरची."

"मग ठेच. रडत रडत ठेचलं की चव येते."

मुंबईकडून येणारी गाडी शिट्टी देऊन गेली की त्या रानातली सगळी माणसं मान न वळवता सांगायची, आज उशीर आहे किंवा आज वेळेवर आहे. नानांनी मला आमच्याकडच्या पिकांबद्दल विचारलं. मी बाजरी, भुईमूग, कुळीथ असं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी?" मी म्हटलं, "पावसाचं." त्यांनी माझ्या पानात आणखी भरीत वाढलं.

आता राहिला माझा तालुका. मी तो टाळत होतो. दर सुटीनंतर मी बाजरीचं पोतं जरा जास्तच भरून आणायचो, म्हणजे मधेच संपायला नको. रावेर विचारायचा, "सोनगीर, तुझी पाळी कधी?" मी म्हणायचो, "पीठ आहे अजून." आमचं मातीच्या धाब्याचं घर, टांगायला घड नाही, माझी माय अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही, आणि आबा असे कडक. मला घराची लाज वाटत होती असं नाही, निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगत नव्हतो. पाहुण्यांना काय दाखवायचं हेच मला सुचत नव्हतं.

मी पहिलं वर्ष पास झालो. उन्हाळ्यात आबांनी मला ओट्यावर बोलावलं. आबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"तार वाचता येस का तुले?"

"हो, आबा."

"मंग आखो काय शिकानं ऱ्हायनं?"

गावात तार आली की ती वाचायला सोनगीरला माणूस पाठवावा लागे. आता ती वाचणारा घरात झाला होता. आबांच्या हिशेबी कॉलेजचं काम संपलं होतं. वडील खाली पाहत होते. मीही त्यांच्यासारखा खाली पाहू लागलो. पेरणी झाली की तूर्त जळगावला जा, असं आबा म्हणाले. "कानबाईले बठ्ठा भाऊबंद येतीन. तव्हय ठरावसूत."

म्हणजे माझं कॉलेज राहणार की सुटणार, हे श्रावणात कानबाईच्या दिवशी ठरायचं होतं. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं मी घेतली, पण त्यांच्यावर नाव घातलं नाही.

कानबाई हा आमचा खानदेशातला घरचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी तिला नदीवर नेतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. अगदी पाळण्यातल्या पोराच्याही नावानं. ते घरच्याच जात्यावर दळून त्याचे जाड रोट करतात. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडाही देत नाहीत, मग तो कितीही जवळचा असो. आणि त्या दिवशी सगळी भाऊबंदकी एकत्र बसलेली असते, म्हणून वाटण्या, सोयरिकी, भांडणं, सगळं तिथंच मिटतं.

शनिवारी निघताना मी अक्कांना म्हटलं, "अक्का, पुढच्या आठवड्यापासून कदाचित बाजरीचं पीठ मळावं लागणार नाही."

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सोनगीर, असं जाताना बोलू नये. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. दोघं मित्र बाहेर गेले होते. त्यांना सांगायचा मला धीर नव्हता.

रविवारी घर माणसांनी भरलं होतं. मधल्या घरात चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाला डोळे, नथ, मळवट, वरती फुलांची आरास. बायकांची गाणी चालू होती. दुपारी नैवेद्य झाला, पण पंगत बसायची नव्हती, कारण बरेचसे पुरुष नदीवर आंघोळीला गेले होते आणि सगळे आल्याशिवाय रोट मोडायचा नाही. मी विहिरीवरून पाणी आणत होतो. घागर घेऊन दारात आलो तर समोर रावेर आणि बोदवड. गुडघ्यापर्यंत काळा चिखल.

"तुम्ही कसे?"

"कसे म्हणजे? बाजरी संपली," रावेर म्हणाला.

"अर्धा डबा होती!"

"ती अक्कांना देऊन टाकली."

बोदवडनं खरं ते सांगितलं. अक्कांनी त्यांना रात्री बसवून हकीकत सांगितली होती. पहाटेच्या गाडीनं ते नरडाण्याला उतरले, तिथून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं सोनगीर, चढावर खाली उतरून मोटार ढकलली, आणि पुढं विचारत विचारत पायी. आबांशी बोलायला आले होते. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मायला सांगायला मागच्या अंगणात गेलो. माय चुलीपाशी होती. ती पदरानं हात पुसत लगेच आली.

आम्ही मधल्या घरात शिरलो तर रावेर रोटांच्या टोपलीपाशी उभा. वरचं फडकं बाजूला केलेलं, हातात अर्धा रोट, आणि तोंड भरलेलं. पहाटेपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"आरे देवा!" माय म्हणाली. "हाऊ काय खास? रोट खादा?"

गाणी थांबली. बोदवड दारातूनच पुटपुटला, "मी म्हटलं होतं, हात लावू नको."

मायचा आवाज चढला नाही. तिनं टोपलीवर फडकं ओढलं. "भूक लागनी व्हती तं माले सांगनं ना रे, दादा."

"सांगायचं कशाला, मावशी?" रावेर घास गिळून म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं. "मी काय पाहुणा आहे?"

त्यानं हे इतक्या प्रेमानं म्हटलं की मला त्याच्यावर रागावताही येईना. पण ज्यांनी संध्याकाळी माझा निकाल द्यायचा, त्यांच्या देवीचा रोट माझ्या कॉलेजातल्या मित्रानं पंगतीच्या आधी खाल्ला होता. आता आबांना कारण शोधायला नको होतं. काकू हळूच म्हणाली, "आते आबा काय म्हनतीन?" आणि तेवढ्यात आबाच दारात आले, ओलं धोतर खांद्यावर, मागं सगळे भाऊबंद.

रावेरनं वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं काही तरी चांगलं बोलावं.

"आबा, भाकरी बेस झाली. जरा जाड झाली, एवढंच."

दाराआड एका मुलीला हसू फुटलं आणि कोणी तरी तिला गप्प केलं. आबांनी टोपली पाहिली, रावेरच्या हातातला तुकडा पाहिला, मग मला पाहिलं.

"कोन गावना शे हाऊ?"

"रावेरचा," मी म्हटलं. "आमच्या खोलीतला."

"तुन्हा बाप काय करस?" त्यांनी रावेरला विचारलं.

"केळी करतात."

"तुमना घरमा बठ्ठा असाच हात घालीसन खातस का?"

"हो, आबा. विचारून घेतलं तर आईला वाईट वाटतं." आणि माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "हा पहिल्यांदा आला तर नुसता घडाकडे बघत बसला. आई बोलली याला."

आबा माझ्याकडे वळले. "खरं शे का रे?"

"हो."

"मंग खादं का नही?"

"खाल्लं, आबा. पण तिसऱ्या खेपेला."

आबांच्या मिशीत काही तरी हललं. मला ते तेव्हा हसू वाटलं नाही. ते टोपलीपाशी उकिडवे बसले, बराच वेळ दाढी खाजवत राहिले. सगळं घर त्यांच्याकडे पाहत होतं.

"रोट तं पोटमा गया," ते शेवटी म्हणाले. "आते तो भाईर येवाव नही. मंग खानारालेच घरना करो. सूप आना. जातं मांडा."

एक काका म्हणाले, "आबा, असं कधी व्हयनं नही."

"आज व्हयनं," आबा म्हणाले.

सुपात गहू आले. आबांनी रावेरला समोर बसवलं आणि स्वतःच्या हातानं मूठ भरायला सांगितलं. त्याचा पंजा चांगला रुंद. एका मुठीत आमच्या दोन मुठी मावल्या असत्या.

"रावेरना हात मोठा शे, भो!" मागून कोणी तरी म्हणालं.

"खावाले बी आनी देवाले बी," काकूनं जोडलं आणि बायका मोकळेपणी हसल्या. माय जात्यावर बसली. तिनं डोळे पुसले आणि खुंटा धरला.

दारात उभा असलेला बोदवड घसा साफ करून म्हणाला, "आबा... मग माझी?"

"तू बी खादा का?"

"नाही."

"मंग?"

बोदवड खाली पाहू लागला. "भूक तर मलाही होती."

आबा मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी फार थोडं पाहिलं आहे. "ली या आखो एक मूठ!"

पंगत झाली. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर आणि रोट. मग भाऊबंद अंगणात बसले. एक बांधाचा तंटा मिटला, एका मुलीची सोयरीक ठरली आणि माझं नाव निघालं. काका म्हणाले, एक वर्ष झालं ते पुष्कळ झालं, शेतात माणूस कमी आहे. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. आबा म्हणाले, "ज्यानी मूठ रोटमा शे, तो बोलू शकस. कोनाले बोलनं शे?"

आणि रावेर उठून उभा राहिला. दुपारी ओट्यावर आला तेव्हासारखा तो परका असता तर त्या बैठकीत त्याला बसूही दिलं नसतं. आता त्याला कोणी खाली बस म्हणू शकत नव्हतं.

गाडीत त्यानं भाषण तयार केलं होतं, हे मला बोदवडनं नंतर सांगितलं. त्यातलं त्याला काहीही आठवलं नाही.

"आबा, शिकून याचं काय होईल ते मला माहीत नाही. माझंही मला माहीत नाही. पण लॉजिक मला हाच समजावतो. हा नसला तर मी नापास." तो थांबला. "आणि आग्रा रोडच्या पलीकडेसुद्धा माणसं राहतात, हे मला याच्यामुळे कळलं."

"आणि बाजरीची भाकरी," बोदवड बसल्या जागेवरून म्हणाला.

अंगण हसलं. आबा मात्र मला म्हणाले, "आनी तू? तू काय शिकना वरीसभर?"

मी उभा राहिलो. लॉजिक, इतिहास, इंग्रजी कविता, काहीच तोंडात येईना. जे आलं ते बोललो. रावेरला केळीचा कंद कसा लावतात, कोणत्या महिन्यात, मोटेचं पाणी पाटानं प्रत्येक आळ्यापर्यंत कसं फिरवतात, वारा लागू नये म्हणून कडेनं काय लावतात. बोदवडला वांगी कशावर भाजतात. कळण्याच्या भाकरीला पाणी किती गरम लागतं. बोलताना मला स्वतःलाच नवल वाटत होतं की हे सगळं मला माहीत आहे. कोणी तरी म्हणालं, "हाई कालेजमा शिकाडतस का?" पण आबांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"पाटनं पानी किती दिवसनं देतस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. रावेरनं ते दुरुस्त केलं. मग आबा, रावेर आणि दोन काका यांच्यात आमच्या नाल्याकाठच्या तुकड्यात चार खुंट केळी येतील की नाही यावर वाद सुरू झाला. रावेर म्हणे येतील, काका म्हणे विहीर उन्हाळ्यात तळाला जाते. मी उभाच होतो. कितीतरी वेळानं आबांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"तू आजून उभाच शे? बस. आनी जाय जळगावले. परीक्षा दी ये." मग दोघांकडे वळून, "पन पुढला सालनी कानबाईले तिन्ही जन येवा. रोटमा तुमन्या मुठी धरेल शेतस."

वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

सोमवारी देवी नदीवर नेली. रावेर डोक्यावर टोपी तिरकी करून इतका नाचला की बायकांनी त्याला फुगडीला ओढलं. मंगळवारी आम्ही तिघांनी बाजरीचं पोतं आळीपाळीनं खांद्यावर घेतलं आणि जळगावला आलो. अक्का दारातच होत्या. त्यांनी आधी पोतं पाहिलं, मग आमची तोंडं, आणि काहीही न विचारता परात काढली. मी वर जाऊन पुस्तकांवर माझं नाव घातलं.

पुढच्या श्रावणात स्वातंत्र्याचे झेंडे अजून गावोगावी उतरले नव्हते, तेव्हा आम्ही तिघं पुन्हा त्याच वाटेनं गेलो. मायनं आम्ही पोचायच्या आधीच गहू काढून ठेवले होते, रावेरच्या नावाची मूठ जरा मोठी धरून. रावेरनं घरून पिकलेल्या केळ्यांचा घड आणला होता. आम्ही तो दांड्याला बांधून दोघांच्या खांद्यावरून आणला होता. मधल्या घरात आढ्याला टांगला. पोरं भोवती जमली, बायका पाहून गेल्या, पण हात कोणी लावेना. आबा आले. तेही समोर उभे राहून पाहत राहिले.

"आबा, काय पाहू राह्यले?" रावेर ओट्यावरून ओरडला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोणालाही न विचारता हात वर करून एक केळं तोडलं.